खातं कुणी उघडायचं, इन्स्टॉलरनं की आपण?

मागच्या वेळी आन्सर फाइल, म्हणजे इन्स्टॉलरच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल, देऊन ऑपरेटिंग सिस्टीम आपोआप बसवण्याबद्दल लिहिलं तेव्हा मला वाटलेलं की पार्टिशनवरून प्रश्न येतील, डिस्क पुसली गेली म्हणून शिव्या येतील, पण नाही, ढीगभर पत्रं आली ती सगळी युजर अकाउंटवर. पासवर्ड कुठे लिहायचा, युजर बनतच नाही, बनतो पण आत जाता येत नाही, आत जाता येतं पण सुडो, म्हणजे साध्या युजरला ॲडमिनचे अधिकार वापरू देणारी कमांड, चालत नाही. त्यातली काही इथे घेतलीत. कमांडी आपण तोंडानी बोलतो तशाच लिहितेय, टाइप करताना तुम्हाला कळेलच.

प्रश्न : ताई, आम्ही चाळीसेक मशीन किकस्टार्टनी, म्हणजे रेड हॅटच्या आन्सर फाइलनी, बसवतो. फाइल आतल्या नेटवर्कवरच्या वेब सर्व्हरवर ठेवलेली आहे आणि त्यात रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य ॲडमिन खात्याचा, पासवर्ड सरळ साध्या अक्षरात लिहिलाय, कारण आधीच्या माणसानी तसाच ठेवला होता आणि कुणी हात लावला नाही. आता नवीन आलेला पोरगा म्हणतो हॅश टाका म्हणजे सेफ. खरंच सेफ होतं का नुसतं मनाचं समाधान? — चाळीस मशीनवाला

उत्तर : दोन्ही थोडं थोडं. पोरगा चुकीचं सांगत नाहीये, फक्त अर्धं सांगतोय.

आधी हे बघा की ती फाइल वाचू कोण शकतं. मशीन बूट होताना कर्नलच्या ओळीत फाइलचा पत्ता असतो, इन्स्टॉलर तिथे जाऊन ती उचलतो आणि त्या वेळी त्याच्याकडे ना लॉगिन असतं ना ओळखपत्र, म्हणजे ती फाइल मागेल त्याला मिळते, तुमच्या नेटवर्कवर लॅपटॉप जोडून बसलेल्या कुणालाही. आन्सर फाइल हे पोस्टकार्ड आहे, पाकीट नाही. पोस्टकार्डावर काय लिहायचं ते ठरवा, एवढंच.

हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणितानी काढलेली, उलटी न फिरवता येणारी अक्षरांची ओळ, टाकला की साधा पासवर्ड दिसत नाही हे खरं. किकस्टार्टमधे रूटपीडब्ल्यूच्या पुढे इजक्रिप्टेड हा ऑप्शन द्यायचा आणि मग हॅश. तो नाही दिला तर इन्स्टॉलर तुमचा सुंदर हॅशच साधा पासवर्ड समजतो आणि मग लॉगिनला ती शंभरेक अक्षरं जशीच्या तशी टाइप करावी लागतील, हसू नका, हे झालेलं बघितलंय. हॅश बनवायला ओपनएसएसएल पासवर्ड मायनस सहा ही कमांड बरी, पासवर्ड तुम्हाला विचारून घेते त्यामुळे शेलच्या हिस्टरीत राहत नाही. डेबियनवाल्यांना एमकेपासवर्ड आहे, फक्त तो हूइज नावाच्या पॅकेजमधे लपलाय, का ते विचारू नका.

पण हॅश हातात आलेला माणूस घरी नेऊन निवांत अंदाज लावत बसू शकतो. डॉलर-सहा-डॉलरनी सुरू होणारा हॅश म्हणजे एसएचए-५१२ चा, त्यात वेगळं काही सांगितलं नसेल तर ५००० फेऱ्या होतात, आजच्या ग्राफिक कार्डांपुढे त्या काही फार नाहीत, त्यामुळे पासवर्ड जर कंपनीचं नाव आणि पुढे १२३ असा असेल तर हॅशनी काही वाचत नाही. पासवर्ड लांब आणि आडवातिडवा असेल तर मात्र वाचतं. आता बऱ्याच डिस्ट्रोंमधे येस्क्रिप्ट हा हॅशचा प्रकार आलाय, डेबियन ११ पासून तोच डिफॉल्ट आहे, तो अंदाज लावणाऱ्याला जास्त घाम फोडतो.

माझं मत विचाराल तर रूटपीडब्ल्यू मायनस मायनस लॉक करा, म्हणजे रूटला पासवर्डच नको. एक मेंटेनन्सचा युजर बनवा, त्याला एसएसएचची, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करायच्या सोयीची, पब्लिक की द्या, किकस्टार्टमधे एसएसएचकी नावाची ओळच आहे त्यासाठी. पब्लिक की पोस्टकार्डावर लिहिली तरी बिघडत नाही, ती असतेच जगाला दाखवायला. बाकीची माणसं, त्यांचे ग्रुप, त्यांचे पासवर्ड, हे सगळं मशीन उभं राहिल्यावर ॲन्सिबल म्हणा, म्हणजे अनेक मशीनवर एकदम सेटिंग करणारं टूल, किंवा जे वापरता त्यानी करा. इन्स्टॉलरकडून आत शिरायला एक दार घ्या, अख्ख्या घराची वाटणी त्याच्याकडून कशाला करून घ्यायची.

अजून एक, हे बरेच जण विसरतात. इन्स्टॉल झाल्यावर रूटच्या होम फोल्डरमधे ॲनाकोंडा-केएस डॉट सीएफजी नावाची फाइल उरते, त्यात हॅश असतो, आणि ओरिजिनल-केएस म्हणून तुमच्या मूळ फाइलचीही कॉपी ठेवली जाते, म्हणजे मूळ फाइलमधे साधा पासवर्ड होता तर तो प्रत्येक मशीनवर पडून आहे. चाळीस मशीन, चाळीस कॉप्या. त्या ठेवायच्या नसतील तर बूटच्या ओळीत आयएनएसटी डॉट नोसेव्ह हा ऑप्शन देता येतो. आधीच्या मशीनवर जाऊन आजच बघा, आणि तो पासवर्ड बदला, नुसती फाइल पुसून भागणार नाही.

प्रश्न : हॅश बरोबर बनवला, फाइलमधे टाकला, इन्स्टॉल एकही एरर न देता पूर्ण झालं आणि लॉगिन करताना इनकरेक्ट. पाच वेळा केलं. कीबोर्ड लेआउट पण बदलून बघितला. डोकं चालेनासं झालंय.

उत्तर : तुम्ही आन्सर फाइल हातानी लिहिता का स्क्रिप्टमधून बनवता? पत्रात नाहीये, पण मी पैज लावते स्क्रिप्टमधून.

हे माझ्यावर गेलेलं आहे म्हणून लगेच ओळखलं. बावीस मशीन होती, प्रत्येकाची फाइल एका शेल स्क्रिप्टमधून तयार होत होती, म्हणजे कॅट, दोन लेस दॅन, ईओएफ, मग अख्खी फाइल आणि शेवटी ईओएफ, नेहमीचा प्रकार. हॅश मी कॉपी करून त्याच्यात चिकटवला. रात्रभर मशीन बसली, सकाळी एकातही जाता येईना. तयार झालेली फाइल उघडून बघितली तर हॅशच्या जागी कुठेतरी मधूनच सुरू होणारं एक शेपूट, पुढचं सगळं गायब.

झालं असं की शेलला डॉलर दिसला की तो व्हेरिएबल समजतो. डॉलर-सहा म्हणजे त्याच्या लेखी स्क्रिप्टला दिलेलं सहावं आर्ग्युमेंट, ते नव्हतंच, म्हणून रिकामं. पुढे डॉलर आणि सॉल्ट, म्हणजे हॅश करताना मिसळलेली रँडम अक्षरं, तेही कुठलंतरी व्हेरिएबल, तेही रिकामं. मग तिसरा डॉलर आणि खरा हॅश, त्यात पहिला टिंब किंवा स्लॅश येईपर्यंतची अक्षरं परत व्हेरिएबलचं नाव म्हणून गिळली. उरलं ते शेपूट. आणि इन्स्टॉलर बिचारा तक्रार कशाला करेल, त्याला सांगितलंय की हे क्रिप्टेड आहे, त्यानी जे मिळालं ते शॅडो फाइलमधे, जिथे मशीन पासवर्डचे हॅश ठेवतं तिथे, नेऊन ठेवलं.

उपाय एका कोटाचा. पहिल्या ईओएफला सिंगल कोट घाला, मग शेल आतल्या कशालाच हात लावत नाही. आणि हॅश कमांडच्या ओळीत द्यायचा असेल तर सिंगल कोटमधे द्या, डबलमधे नाही. बरोबर आलाय का बघायला सोपी खूण म्हणजे एसएचए-५१२ असेल तर तीन डॉलर मोजा, आणि तिसऱ्या डॉलरनंतर ८६ अक्षरं. कमी भरली तर मशीन बसवूच नका.

ह्याचाच जुळा भाऊ सांगून ठेवते. पोस्ट स्क्रिप्टमधे, म्हणजे इन्स्टॉलच्या शेवटी चालणाऱ्या स्क्रिप्टमधे, लोक युजरॲड मायनस पी आणि पुढे साधा पासवर्ड लिहितात. मायनस पी ला हॅश लागतो, साधा दिला तर तो जसाच्या तसा शॅडोमधे जाऊन बसतो, लॉगिन तर होतच नाही आणि वरून पासवर्ड उघडा पडतो तो वेगळाच. साधाच द्यायचा असेल तर सीएचपासवर्ड कमांडला पाइपनी द्या, ती स्वतः हॅश करते. आणि डेबियनवर मायनस एम द्यायला विसरू नका, तिथे युजरॲड आपणहून होम फोल्डर बनवत नाही, रेड हॅटकडे बनवतो, एकीकडे शिकलेला माणूस दुसरीकडे हमखास आपटतो.

प्रश्न : उबुंटू सर्व्हर, ऑटोइन्स्टॉल, म्हणजे उबुंटूची आन्सर फाइल. आयडेंटिटीमधे युजर दिलाय. लेट-कमांड्समधे, म्हणजे इन्स्टॉलच्या शेवटी चालणाऱ्या कमांडींत, त्याच्या होम फोल्डरमधे दोन फाइली टाकून चाउननी मालक बदलतोय तर इनव्हॅलिड युजर म्हणतं. अरे वरच तर दिलाय ना युजर!!

उत्तर : दिलाय, पण अजून जन्माला आलेला नाही.

उबुंटूचा नवा इन्स्टॉलर, ज्यात २०.०४ सर्व्हरपासून ऑटोइन्स्टॉल आलं तो, आयडेंटिटीमधला युजर इन्स्टॉल चालू असताना बनवतच नाही. तो माहिती लिहून ठेवतो आणि मशीन पहिल्यांदा स्वतःच्या डिस्कवरून उठलं की क्लाउड-इनिट, म्हणजे पहिल्या बूटला मशीनची सेटिंग करणारा प्रोग्राम, ती वाचून युजर बनवतो. तुमच्या लेट-कमांड्स त्याच्या आधी धावतात. म्हणजे बारशाच्या आधी शाळेत नाव घालायला गेलात.

दोन वाटा आहेत. एक, ती दोन फाइलींची कामं लेट-कमांड्समधून काढून ऑटोइन्स्टॉलच्या आतल्या युजर-डेटा भागात रनसीएमडीखाली टाका, ती क्लाउड-इनिटच्या अगदी शेवटच्या टप्प्यात चालते, तोपर्यंत युजर झालेला असतो. मला हीच वाट बरी वाटते. दुसरी, लेट-कमांड्समधेच कर्टिन इन-टार्गेटनी नव्या बसवलेल्या सिस्टीममधे शिरून युजरॲड करा, चालतं, पण मग तोच युजर दोन ठिकाणी लिहिलेला राहतो आणि सहा महिन्यांनी कोणता खरा ते तुम्हालाच आठवणार नाही.

रनसीएमडीऐवजी राइट-फाइल्स वापरायचा मोह होईल, कारण दिसायला नीटनेटकं आहे. तर तिथे पण हाच खड्डा आहे, राइट-फाइल्स हे युजर बनवायच्या आधी चालतं. युजरच्या होममधे काही लिहिलंत तर ते फोल्डर रूटच्या मालकीचं बनून बसतं आणि मग युजर आला की त्याला स्वतःच्या घरात लिहिता येत नाही. डिफर ट्रू अशी ओळ त्या फाइलला जोडली की ते काम शेवटी ढकललं जातं.

जाता जाता, एसएसएचच्या भागात तुम्ही की दिली असेल तर पासवर्डनी एसएसएच लॉगिन आपोआप बंद राहतं, की नसेल तर चालू राहतं. पुढच्या आठवड्यात पासवर्डनी का जाता येत नाही म्हणून परत पत्र लिहू नका. 😄

प्रश्न : नमस्कार ताई. डेबियनची आन्सर फाइल, म्हणजे प्रीसीड, वापरते. सगळं आपोआप होतं आणि मधेच युजरच्या पासवर्डपाशी येऊन थांबतं. टाकलेला असूनही. कधी कधी थांबत नाही पण मग तो पासवर्ड चालत नाही. वेडच लागायचं राहिलंय. — प्रीसीडग्रस्त

उत्तर : प्रीसीडग्रस्त, नाव आवडलं.

थांबतं त्याचं कारण बहुतेक हे की साधा पासवर्ड दिला तर दोनदा द्यावा लागतो, युजर-पासवर्ड आणि युजर-पासवर्ड-अगेन, आपण हातानी बसवताना दोनदा टाइप करतो तसंच. दुसरी ओळ राहिली किंवा दोन्हीत एका अक्षराचा फरक असला की इन्स्टॉलर गाडी थांबवून विचारणारच. क्रिप्टेडवाली ओळ वापरलीत तर एकच पुरते, तीच वापरा.

आणि चालत नाही त्याचं कारण मला तुमच्या फाइलच्या तुकड्यात दिसलं, म्हणजे दिसलं नाही असंच म्हणायला पाहिजे, कारण ती एक स्पेस आहे. तुम्ही सगळ्या ओळी सुंदर रांगेत लावल्यात, प्रत्येक उत्तर एकाखाली एक. प्रीसीडमधे प्रकार आणि उत्तर ह्यांच्यामधे एकच स्पेस चालते, जास्तीची प्रत्येक स्पेस ही उत्तराचा भाग धरली जाते. म्हणजे तुमच्या पासवर्डच्या सुरुवातीला चार स्पेस आहेत. विश्वास बसत नसेल तर बसलेल्या मशीनवर चार स्पेस देऊन मग पासवर्ड टाइप करून बघा. नीटनेटकेपणाची इतकी शिक्षा दुसरीकडे कुठे मिळत नसेल.

रूट-लॉगिन फॉल्स केलंत तर रूटचा पासवर्ड विचारलाच जात नाही आणि बनवलेला पहिला युजर सुडो ग्रुपमधे जातो, ते मला पसंत आहे. पण त्याच्या जोडीला मेक-युजर पण फॉल्स करू नका, मग मशीन बसेल आणि आत जायला कुणीच नसेल.

प्रश्न : युजरला सुडो वापरता यावं म्हणून कोणत्या ग्रुपमधे घालायचं, व्हील का सुडो?

उत्तर : रेड हॅट, फेडोराच्या घराण्यात व्हील, डेबियन, उबुंटूच्या घराण्यात सुडो. दोन्हीकडे चालेल अशी एकच स्क्रिप्ट हवी असेल तर ग्रुपच्या नादी न लागता सुडोअर्स डॉट डी ह्या फोल्डरमधे स्वतःची फाइल टाका. फक्त त्या फाइलच्या नावात टिंब नको. नावात टिंब असलेली फाइल सुडो गपचूप सोडून देतो, एरर नाही, वॉर्निंग नाही, आणि आपण सवयीनी पुढे डॉट कॉन्फ लावलेलं असतं. टाकल्यावर व्हीसुडो मायनस सी नी तपासा. आणि युजरमॉडनी ग्रुपमधे घालणार असाल तर मायनस ए-जी, त्यातला ए विसरलात तर बाकीच्या सगळ्या ग्रुपमधून माणूस बाहेर.

प्रश्न : आमच्याकडे शेअर्ड स्टोरेज एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून सगळ्या मशीनना दिसणाऱ्या फोल्डरांवर, आहे. नवीन मशीन आपोआप बसवली आणि आता एक बाई म्हणतात माझ्या फाइली दुसऱ्याच्या नावावर दिसतायत, आणि तो दुसरा म्हणतो मला त्यांचं सगळं उघडता येतंय. सध्या सगळ्या फोल्डरला ७७७, म्हणजे कुणालाही काहीही करायची परवानगी, देऊन वेळ मारून नेलीये. व्हायरस असेल का?

उत्तर : व्हायरस नाही हो. पण ते ७७७ आधी काढा, आजार रेड्याला आणि औषध पखालीला झालंय ते.

लिनक्सला माणसाचं नाव कळत नाही, नंबर कळतो. फाइलवर मालक म्हणून युआयडी नावाचा आकडा लिहिलेला असतो, नाव आपल्याला दाखवताना पासवर्ड फाइलमधून शोधून काढतात. साधे युजर आजकाल १००० पासून सुरू होतात, जुन्या रेड हॅटमधे, सहाव्या आवृत्तीपर्यंत, ५०० पासून व्हायचे. पोस्ट स्क्रिप्टमधे तुम्ही युजर एकामागून एक बनवलेत आणि नंबर दिला नाही तर जो आधी बनेल तो १०००, पुढचा १००१. जुन्या मशीनवर बाई आधी आणि तो नंतर, नव्या यादीत कुणीतरी नावं क्रमानी लावली आणि तो आधी आला. नेहमीच्या सेटिंगमधे एनएफएस सर्व्हर क्लायंटनी पाठवलेल्या नंबरावर विश्वास ठेवतो. झालं, १००० नंबरची किल्ली ज्याच्याकडे, कपाट त्याचं.

आता निस्तरायचं कसं. शेअरवरच्या फाइलींना हात लावू नका, त्यांच्यावरचे नंबर जुन्या मशीनच्या हिशोबानी बरोबरच आहेत, चूक नव्या मशीनवर आहे. नव्या मशीनवर दोघांना लॉगआउट करायला लावा, त्यांचे चालू प्रोसेस बंद करा. मग अदलाबदल सरळ होत नाही कारण दोन्ही नंबर वापरात आहेत, म्हणून आधी एकाला रिकाम्या नंबरावर बसवा, समजा ५०००, मग दुसऱ्याला त्याच्या खऱ्या नंबरावर आणा, मग पहिल्याला ५००० वरून त्याच्या जागी. युजरमॉड मायनस यू हे करताना होम फोल्डरमधल्या फाइलींचा मालक आपोआप बदलतो, पण होमच्या बाहेरच्या, टेम्पमधल्या, व्हारमधल्या, त्या तशाच राहतात, त्या फाइंड मायनस युआयडी नी शोधून चाउन करायच्या, आणि हे प्रत्येक पायरीला करायचं, शेवटी एकदम नाही, नाहीतर कुणाच्या कुठल्या ते परत मिसळतं. ग्रुपचे नंबर पण असेच सरकलेले असतात, ते ग्रुपमॉडनी. आणि होम फोल्डरच जर एनएफएसवर असेल तर थांबा, युजरमॉड तिथल्या बरोबर असलेल्या फाइली चुकीच्या करायला जाईल, तेव्हा आधी ते अनमाउंट करा.

पुढच्या वेळेसाठी, शेअर वापरणाऱ्या माणसांना नंबर तुम्ही द्यायचा. किकस्टार्टच्या युजर ओळीत युआयडी आणि जीआयडी, म्हणजे ग्रुपचा नंबर, देता येतात, प्रीसीडमधे पहिल्या युजरचा युआयडी देता येतो, क्लाउड-इनिटच्या युजर यादीत पण देता येतो. एक साधी वही किंवा शीट ठेवा, कुणाला कोणता नंबर, आणि सोडून गेलेल्याचा नंबर दुसऱ्याला देऊ नका, त्याच्या जुन्या फाइली कुठेतरी असतातच. माणसं पाचपन्नासच्या वर गेली की हे वहीचं प्रकरण सोडा आणि फ्रीआयपीए किंवा ॲक्टिव्ह डिरेक्टरीसारखी डिरेक्टरी, म्हणजे सगळी खाती एका जागी ठेवणारा सर्व्हर, लावा, मशीन इन्स्टॉल होताना फक्त तिला जोडलं जाईल, लोकल खाती बनवायचीच नाहीत, तुमचा एक मेंटेनन्सवाला सोडून.

प्रश्न : विंडोजवाल्यांना पण विचारा कधीतरी. ऑटोअनअटेंड ह्या विंडोजच्या आन्सर फाइलमधे ॲडमिनचा पासवर्ड आहे. ती फाइल बनवायच्या सिस्टीम इमेज मॅनेजरमधून पासवर्ड लपवलाय, आता तो गिचमिड दिसतो. म्हणजे एन्क्रिप्ट झालाच ना?

उत्तर : नाही. अजिबात नाही. ती गिचमिड म्हणजे बेस-६४ आहे, ते कुलूप नाही, नुसती वेगळी लिपी आहे. तुमच्या पासवर्डच्या शेवटी पासवर्ड हाच शब्द चिकटवतात, ॲडमिनिस्ट्रेटरच्या बाबतीत ॲडमिनिस्ट्रेटरपासवर्ड, आणि मग बेस-६४ करतात. कुणीही दोन सेकंदात उलटं करू शकतो, शेवटचा शब्द कापला की खाली तुमचा पासवर्ड.

विंडोजचा सेटअप सात टप्प्यांत चालतो आणि युजर अकाउंटचं बहुतेक सगळं ओओबीई सिस्टीम ह्या टप्प्यात येतं. सेटअप आपल्यासाठी ठेवलेल्या कॉपीमधून, ती विंडोजच्या पॅन्थर फोल्डरमधे असते, पासवर्ड पुसून त्या जागी सेन्सिटिव्ह डेटा डिलीटेड असं लिहितो, तेवढं चांगलं करतो. पण तुमची मूळ फाइल पेन ड्राइव्हवर, शेअरवर, सिसप्रेप फोल्डरमधे, जिथे ठेवलीत तिथे तशीच पडून असते. ती पुसायचं काम तुमचं, सेटअपच्या शेवटी चालणाऱ्या स्क्रिप्टमधे टाका. ऑटोलॉगऑन, म्हणजे न विचारता आपोआप लॉगिन, लावला असेल तर किती वेळा ते मोजून द्या आणि काम झाल्यावर रजिस्ट्रीत विनलॉगऑनखाली डिफॉल्टपासवर्ड उरला नाहीये ना ते स्वतः डोळ्यांनी बघा, तो तिथे साधा लिहिलेला असू शकतो.

आणि सगळ्या मशीनला एकच ॲडमिन पासवर्ड हे तर नकोच नको, एक मशीन गेलं की सगळी गेली. पूर्वी लोक ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून, म्हणजे डोमेनमधल्या सगळ्या मशीनना एकदम सेटिंग पाठवायच्या सोयीतून, तो बदलायचे, तिथे तो एन्क्रिप्टेड असायचा खरा, पण त्याची चावी मायक्रोसॉफ्टनीच डॉक्युमेंटमधे छापलेली होती, शेवटी २०१४ मधे पॅच देऊन ती सोय बंद केली. जुन्या पॉलिसीत पडलेले पासवर्ड मात्र त्या पॅचनी जात नाहीत, तुमच्याकडे जुनं डोमेन असेल तर शोधा. आता विंडोज लॅप्स हे ॲडमिनचा पासवर्ड सांभाळणारं टूल आहे, एप्रिल २०२३ च्या अपडेटपासून विंडोजमधेच येतं. मशीन डोमेनला किंवा एन्ट्राला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड डिरेक्टरीला, जोडलं आणि लॅप्सची पॉलिसी लावली की ते प्रत्येक मशीनचा वेगळा पासवर्ड बनवतं, डिरेक्टरीत ठेवतं, डिफॉल्टनी तीस दिवसांनी बदलतं. मग आन्सर फाइलमधला पासवर्ड फक्त तेवढ्या तासाभरापुरता उरतो, उघडा पडला तरी नंतर त्याचा कुणाला उपयोग नाही. फक्त लॅप्स ज्या खात्यावर लावलंय तेच खातं आन्सर फाइलमधे बनवलंय ना ते तपासा, नाव वेगळं पडलं तर तुमचं खातं कायम जुन्याच पासवर्डवर.

प्रश्न : तुम्ही रूट लॉक करा म्हणता. केलं. परवा एफएसटॅबमधे, म्हणजे कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीच्या फाइलमधे, चूक झाली, मशीन इमर्जन्सी मोडमधे गेलं आणि म्हणतं रूट अकाउंट लॉक्ड आहे, कन्सोल देता येत नाही. आता काय करू, तुमचं ऐकलं हीच चूक??

उत्तर : ऐकलंत ते बरोबरच, पुढचं मी सांगितलं नव्हतं ही माझी चूक, कबूल.

इमर्जन्सी मोडला रूटचा पासवर्ड लागतो, तो नसेल तर ते दार बंद. आत्ता ग्रबच्या, म्हणजे बूट होताना सुरुवातीला येणाऱ्या, मेनूत ई दाबा, लिनक्सनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी इनिट इज इक्वल टू स्लॅश बिन स्लॅश बॅश लिहा, बूट करा, रूट पार्टिशन रीमाउंट करून लिहिण्याजोगं करा, एफएसटॅब सुधारा. ते जमत नसेल तर इन्स्टॉलरच्याच पेन ड्राइव्हवरून उठवा, डिस्क माउंट करा, तीच फाइल सुधारा. मशीन जिथे हातानी गाठता येतं तिथे रूट लॉकच ठेवा. लांब कुठेतरी आहे आणि फक्त सिरियल कन्सोल मिळतो, तिथे रूटला लांबलचक पासवर्ड द्या, प्रत्येक मशीनचा वेगळा, पण तो इन्स्टॉलनंतर सेट करा आणि व्हॉल्टमधे ठेवा, आन्सर फाइलमधे नाही.

प्रश्न : पहिल्या लॉगिनला पासवर्ड बदलायलाच लावायचा म्हणून पोस्ट स्क्रिप्टमधे सगळ्या युजरना चेज मायनस डी शून्य, म्हणजे पासवर्डची मुदत संपलेली, केलं. तेव्हापासून ॲन्सिबल चालत नाही. की बरोबर आहे, परमिशन बरोबर आहेत, तरी बाहेर फेकतं.

उत्तर : सगळ्या युजरना केलंत, त्यात ॲन्सिबलचा युजर पण आला ना. की नी आत गेलं तरी पीएएम, म्हणजे लॉगिनची तपासणी करणारा भाग, खात्याची मुदत बघतंच, पासवर्ड बदल म्हणतं, ॲन्सिबलकडे टर्मिनल नसतं, म्हणून पासवर्ड चेंज रिक्वायर्ड बट नो टीटीवाय अव्हेलेबल असं म्हणून हाकलून देतं. तो मेसेज तुमच्या लॉगमधे असेल बघा.

माणसांना चेज करा, मशीनच्या खात्याला नाही. ॲन्सिबलच्या युजरला पासवर्डच देऊ नका, शॅडोमधे पासवर्डच्या जागी एक तारा ठेवा. लोक पासवर्ड मायनस एल करतात, त्यानी पुढे उद्गारचिन्ह लागतं, आणि एसएसएचमधे यूजपीएएम बंद असेल तर उद्गारचिन्ह म्हणजे खातंच बंद असं समजून की असूनही आत घेत नाही. ताऱ्याला तो त्रास नाही. अडकलेल्या मशीनवर दुसऱ्या सुडोवाल्या खात्यानी जाऊन चेज मायनस डी पुढे आजची तारीख द्या, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मधे डॅश. ॲन्सिबल लगेच आत जाईल.